टेंभी नाक्याचे थर

भागवतातला बाळकृष्ण सवंगड्यांच्या खांद्यावर चढत नाही. दशम स्कंधात गवळणी यशोदेकडे गाऱ्हाणं घेऊन येतात ते असं: हात पोचत नसला की तुझा मुलगा पाट आणि उखळ रचून त्यावर चढतो आणि शिंक्यातल्या मडक्याला भोक पाडतो. पुढच्या अध्यायात यशोदा त्याला रंगेहाथ पकडते, तेव्हाही तो पालथ्या उखळावरच उभा असतो. खांद्यावर खांदा रचण्याची कल्पना पुढच्या काळातल्या भक्तांची, कीर्तनकारांची आणि चित्रकारांची. आज मात्र दहीहंडी म्हटलं की आधी आठवतात ते थर, मागाहून मडकं.

मडकं टांगून फोडायची चाल देशभर आहे. तिरुमलाला गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी उट्लोत्सवम होतो. तमिळनाडूत उरियडीत काठीने मडकं फोडतात. आपल्या तळकोकणात दशावतारी नाटकालाच दहिकाला म्हणतात. रात्रभर नाटक चालतं आणि पहाटे हंडी फोडून उठतं. गोव्यात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो, आणि तिथली म्हातारी माणसंसुद्धा त्या दिवशी चिखलात लोळतात. या सगळ्यांत काला आहे, खेळ आहे, मडकंही आहे. माणसांचा उंच मनोरा मात्र तिथे लागत नाही. तो वाढला मुंबईच्या चाळींत.

का वाढला, ते चाळीकडे पाहिलं की कळतं. गिरगाव, लालबाग, परळ इथल्या चाळींच्या गॅलऱ्या समोरासमोर. हंडीचा दोर या गॅलरीतून त्या गॅलरीला बांधायचा. दोर पहिल्या मजल्याला बांधला तर तीन थर पुरतात, दुसऱ्याला बांधला की चार-पाच लागतात. खाली जागा बेताची, त्यामुळे पसरायला वाव नाही, फक्त वर जाता येतं. त्यात गॅलऱ्यांतून बादल्यांनी पाणी पडत असतं. चाळीत राहणारे बहुतेक गिरणीत राबणारे कोकणी आणि घाटावरचे लोक. व्यायामशाळेची सवय, कबड्डीचा नाद, एकमेकांच्या अंगाला अंग लावून खेळायची भीड नाही. महागडं साहित्य लागत नाही, मैदान लागत नाही, आणि पाळीवरून आलेल्या माणसालाही तासभर काढता येतो. १९६३च्या ‘ब्लफ मास्टर’मध्ये शम्मी कपूर गोविंदांच्या मनोऱ्यावर चढताना दिसतो. हा खेळ मुंबईची ओळख म्हणून तेव्हाच पडद्यावर गेला होता.

मग माणसं सरकली. चाळीतली खोली पुरेना म्हणून, लग्न झालं म्हणून, आणि १९८२च्या संपानंतर गिरण्याच राहिल्या नाहीत म्हणून, गिरणगावातली कुटुंबं मध्य रेल्वेच्या रुळाने ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याणला आली. येताना गणपती आणला, भजनी मंडळ आणलं, आणि थर लावायची खोडही आणली.

टेंभी नाका हे त्या सरकण्याचं एक मोठं ठाणं. ठाणे स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवरचा हा नाका. तलावपाळी जवळ, कारागृह जवळ, जिल्हा रुग्णालयही वर्षानुवर्षं इथेच. शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांचा आनंद आश्रम या नाक्यावर. इथला नवरात्रोत्सव त्यांनी १९७८ साली सुरू केला, आणि दहीहंडीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. २६ ऑगस्ट २००१ला दिघे गेले. त्यांच्या माघारी अनुयायांनी ती चालू ठेवली. ठाण्यातली पथकं आजही तिला मानाची हंडी म्हणतात. मान म्हणजे काय, तर बक्षीस दुसरीकडे जास्त असलं तरी टेंभी नाक्याला सलामी दिल्याशिवाय दिवस पुरा झाला असं वाटत नाही.

‘सलामी’ हा मला या सगळ्या कुळकथेतला सर्वांत मोठा वळणबिंदू वाटतो. चाळीतल्या हंडीत थर हे साधन होतं. मडकं फुटलं, दही अंगावर सांडलं, काला वाटला, संपलं. चौकातली हंडी उंच गेली, बक्षीस मोठं झालं, आणि एकाच दिवशी शंभर पथकं येऊ लागली, तेव्हा पहिल्याच पथकाने मडकं फोडून कसं चालेल? म्हणून पथकाने येऊन थर लावायचे, वरच्या पोराने हात उंचावून सलामी द्यायची, आणि मडक्याला न शिवता खाली उतरायचं. किती थरांची सलामी त्यावर रक्कम. मडकं फुटतं ते दिवस मावळल्यावर, कधी रात्री. पथक तोवर ट्रकात बसून पुढच्या चौकात पोचलेलं असतं. थर हंडीपासून सुटा झाला आणि स्वतःच एक खेळ बनला, तो असा. ठाण्यात या सुट्या झालेल्या खेळाला मैदानच मिळालं: टेंभी नाका, जांभळी नाका, पाचपाखाडी, नौपाडा, वर्तकनगर. मुंबईची पथकं सकाळी दादर-परळला दोन सलाम्या देऊन दुपारी ठाण्यात यायची, कारण मोठी बक्षिसं इथे लागायची.

बक्षिसाच्या आकड्यांवर इतकं लिहिलं गेलंय की सरावाकडे कोणाचं लक्षच जात नाही. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. सराव सुरू होतो गुरुपौर्णिमेला, नारळ वाढवून. त्याच दिवशी, आषाढी पौर्णिमेला, पंढरपूरशेजारी गोपाळपूरला गोपाळकाला होतो आणि पालख्या परतीला लागतात. वारकऱ्यांचा काला संपतो त्याच तिथीला गोविंदांची तयारी सुरू व्हावी, हा योग मला फार सुंदर वाटतो. तिथून श्रावण वद्य नवमीपर्यंत सव्वा महिना मिळतो. २०२३ साली अधिक श्रावण आला, म्हणून ३ जुलैच्या गुरुपौर्णिमेनंतर दहीहंडी थेट ७ सप्टेंबरला पडली आणि सरावाला महिनाभर जास्त मिळाला.

या सव्वा महिन्यात रात्री नऊनंतर एखाद्या शाळेचं पटांगण किंवा सोसायटीचं आवार पाहावं. वागळे इस्टेटमधून किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीतून सुटलेला कामगार, रिक्षावाला, कुरिअरवाला, कॉलेजचा पोरगा, बँकेतला कारकून, सगळे हाफ पँट आणि टीशर्टवर, अनवाणी. मोबाईल आणि घड्याळं एका पिशवीत. पाऊस असतोच. आधी धावणं, बैठका, खांद्यांचे व्यायाम. मग पहिला थर. जाडजूड, रुंद खांद्यांची माणसं गोल उभी राहतात, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, डोकी आत. त्यांच्याभोवती बाकीच्यांचा घेरा, छातीला पाठ घट्ट भिडवलेली. घेऱ्यातल्या माणसाचं तोंड कोणाला दिसत नाही, फोटोत तो येत नाही. पण तो नसेल तर पाचवा थरही उभा राहत नाही. दुसऱ्या थराचा गडी वाकलेल्या पाठीवर पाय ठेवतो, मग कमरेवर, मग खांद्यावर. खांद्याच्या हाडावर नाही, मानेच्या जवळच्या मांसल भागावर, आणि टाच आत. वर जाऊन तोही आपल्या जोडीदारांना धरतो आणि मग सगळे एकदम ताठ होतात. प्रशिक्षक लांब उभा राहून शिट्टी वाजवतो, कारण जवळून झुकाव दिसत नाही. खालच्यांना एकच ताकीद असते: वर बघायचं नाही. मान वर गेली की खांदा हलतो, आणि पहिल्या थरात बोटभर हललेलं वर हातभर जाणवतं.

वरच्या थरांत माणसं कमी होत जातात. जिथे थरात एकटाच उभा असतो त्याला एक्का म्हणतात. एकावर एक असे तीन-चार एक्के लावणं हे फार थोड्या पथकांचं काम. एक्क्याला धरायला शेजारी कोणी नसतं. त्याने खालच्याच्या पायांवर विश्वास टाकायचा आणि वरच्याच्या पोटऱ्या धरायच्या, एवढंच.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं. चढताना सगळे ताजे असतात. उतरताना खालच्यांचे पाय लटपटत असतात, आणि टाळ्या पडल्या की लक्ष सैल होतं. स्पेनमधल्या कॅटलोनियात दोनशेहून अधिक वर्षं असे मनोरे लावतात. त्यांना कास्टेल म्हणतात आणि वाल्स हे गाव त्याचं माहेर. तिथे मनोरा नुसता लावला तर एक नोंद होते आणि लावून सहीसलामत उतरवला तर वेगळी, वरच्या दर्जाची. ही पद्धत आपल्या प्रत्येक चौकात यायला हवी. २०१०मध्ये युनेस्कोने कास्टेलला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. दोन्हीकडचे मनोरे पाहिले की फरक लगेच कळतो. त्यांच्याकडे बुडाशी शेकडो माणसांची गर्दी दाबून उभी असते आणि बँड वाजतो. मनोरा किती वर गेला हे खालच्यांना त्या सुरांवरूनच समजतं. आमच्याकडे स्पीकरच्या भिंतींपुढे शिट्टीही ऐकू येत नाही. ज्या आयोजकांना गोविंदांची खरी काळजी आहे, त्यांनी थर लागत असताना तरी आवाज बंद ठेवावा.

१० ऑगस्ट २०१२ रोजी ठाण्यात, वर्तकनगरच्या संस्कृती युवा प्रतिष्ठानच्या हंडीत, जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले. १३.३४ मीटर, म्हणजे ४३.७७ फूट. गिनीज बुकात नोंद झाली. या आकड्याला नऊने भागलं तर एका थराला पावणेपाच फुटांहून थोडं जास्त येतं. म्हणजे साधारण एका माणसाच्या खांद्याची उंची. हे लक्षात ठेवलं की पुढची कोर्टाची लढाई नीट समजते.

ऑगस्ट २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांची उंची २० फुटांवर आणली आणि १८ वर्षांखालच्या मुलांना मनाई केली. ऑगस्ट २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते निर्बंध कायम ठेवले. २० फूट म्हणजे चार थर. नऊ थर लावणाऱ्या पथकाला चारवर थांबवणं म्हणजे खेळच थांबवणं, अशी गोविंदांची भावना होती, आणि ती खोटी नव्हती. पण दरवर्षी हातपाय मोडून, मणक्याला मार लागून पोरं रुग्णालयात येतात, काही जिवानिशी जातात, हेही तितकंच खरं. ज्या घरातला कमावता मुलगा आयुष्यभर अंथरुणाला खिळतो, त्या घरासमोर परंपरेचा दाखला देणं मला जमणार नाही. २०१७च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने उंचीची अट काढली आणि १४ वर्षांखालच्यांना थरात घ्यायचं नाही ही अट राहिली. हा तोडगा मला योग्य वाटतो. उंची किती, हे मोठ्या माणसांनी स्वतःच्या जोखमीवर ठरवावं. सहा वर्षांच्या मुलाला ती जोखीम कळत नाही, आणि त्याच्या वतीने कोणी ती घेऊही नये. १८ ऑगस्ट २०२२ रोजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि गोविंदाचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपयांची मदत सांगितली. शिंदे म्हणजे दिघ्यांच्याच तालमीतले. टेंभी नाक्यावरच्या खेळाला सरकारी शिक्का मिळाला तो तिथल्याच माणसाच्या हातून.

१४ वर्षांच्या अटीने पथकांचं आतलं गणितही बदललं. पूर्वी पथकातलं आयुष्य वरून सुरू व्हायचं. पाच-सहा वर्षांचं हलकं पोर सर्वांत वर. वजन वाढलं की एक थर खाली, मिसरूड फुटली की मधल्या थरात, खांदे भरले की दुसऱ्यात, आणि लग्न होऊन पोट सुटलं की घेऱ्यात. बाप घेऱ्यात आणि मुलगा वर, अशी घरं मुंबई-ठाण्यात कमी नाहीत. आता वर जाणारा मुलगा किमान चौदाचा. त्याचं वजन सहा वर्षांच्या पोराच्या दुपटीहून जास्त, आणि ते सगळं वजन प्रत्येक थरातून झिरपत खालच्या खांद्यांवर येतं. त्यामुळे पथकं आता शरीराने लहानखुरी, अंगाने लवचीक अशी मुलं शोधतात, जिमनॅस्टिक्स आणि मल्लखांब शिकलेली. वरच्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि कमरेला क्रेनवरून आलेला दोर असतो. दोर त्याला पडल्यावर वाचवतो. चढताना एका तसूनेही वर उचलत नाही, उचलला तर थर बाद.

हे सगळं नव्याने शिकायला पथकांना काही वर्षं लागली. १६ ऑगस्ट २०२५ला वर्तकनगरच्याच हंडीत कोकण नगर पथकाने दहा थर लावले आणि त्याच दिवशी जय जवाननेही दहा लावले. दहाव्या थरासाठी पहिल्या थरातल्या माणसांना किती वेळ ताठ उभं राहावं लागतं, तर वरचा चढून, सलामी देऊन, पुन्हा सगळे थर मोकळे होईपर्यंत. तेवढा वेळ मान खाली, श्वास आखडलेला, आणि आपल्या डोक्यावर काय चाललंय ते फक्त लोकांच्या आवाजावरून ओळखायचं. ती माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेली असतील. पुढच्या गुरुपौर्णिमेला तीच पुन्हा पटांगणात येतील, आणि त्यांतला एखादा, खांदे आता पूर्वीसारखे साथ देत नाहीत म्हणून, घेऱ्यात उभा राहील.