पडद्याआडची आई

आमच्या टीममध्ये सध्या पाळण्यांचा सीझन आहे. त्यामुळे कॅन्टीनमध्ये बग आणि रिलीजपेक्षा लंगोट आणि लसींवर जास्त चर्चा चालते. परवा एकाने विचारलं, "घरीच बाळाचे फोटो काढायचेत रे, तयारी काय करू?" याचं उत्तर पाच मिनिटांत देता येतं. पण मी सुरुवात केली १८३९ पासून. त्याचा चहा गार झाला, तुमचाही होणार :-)

तर १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरचं फोटोचं तंत्र जाहीर झालं, तेव्हा एका फोटोला कित्येक मिनिटं लागायची. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने कोलोडिअनची ओली काच आणली आणि काम काही सेकंदांवर आलं. मोठी माणसं तेवढा वेळ खांबासारखी बसतील हो. पण तान्ह्या बाळाला 'हलू नकोस' हे कोण सांगणार?

इंग्लंड-अमेरिकेतल्या स्टुडिओवाल्यांनी यावर जो तोडगा काढला, तो बघण्यासारखा आहे. आईने बाळाला मांडीवर घट्ट धरून बसायचं आणि तिच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत एक जाड कापड टाकायचं. फोटोत काय दिसतं? खुर्चीला झूल घातल्यासारखा एक ढीग आणि त्याच्यापुढे झालरीच्या झबल्यातलं बाळ. कुठे कापडातून हाताची दोन बोटं डोकावतात. काही फोटोंत तर आईचा चेहरा नंतर चक्क खरवडून काढलाय. लिंडा फ्रेग्नी नागलर या कलाकार बाईंनी असे जवळपास हजार फोटो जमवून २०१३ च्या व्हेनिस बिनालेत मांडले. शोधून बघाच. आधी हसू येतं, मग जरा वेळाने अंगावर काटा येतो.

त्या आयांनी हे का चालवून घेतलं असेल? माझा अंदाज साधा आहे. पहिल्या वाढदिवसापर्यंत न पोचणारी मुलं तेव्हा घरोघरी होती. पुढच्या वर्षी काढू, असं म्हणायची सोय नव्हती. बाळाची एक तरी प्रतिमा हातात राहावी म्हणून आपण दिसलो नाही तरी चालेल, असा तो हिशोब असावा.

पुढचा इतिहास पटापट. १८७१ मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली, १८८८ मध्ये कोडॅक आला, १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला आणि कॅमेरा घरात शिरला.

आता आपल्या धंद्यातली दोन माणसं. १९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सीॲक नावाच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडला. त्यावर चढवलेला फोटो कुणाचा? कर्शच्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा! १७६ बाय १७६, म्हणजे एकतीस हजारांच्या आत पिक्सेल. डिजिटल फोटोंचा हा पणजोबा. त्यानंतर चाळीस वर्षांनी, ११ जून १९९७ ला, कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या प्रसूतिगृहात फिलिप काहन बसला होता. बायको बाळंत होत होती आणि हा गडी डिजिटल कॅमेरा, मोबाइल आणि लॅपटॉप एकमेकांना जोडून कोड लिहीत होता. (नवरे मंडळींनी हे अनुकरणीय समजू नये.) मुलगी सोफी जन्मली आणि तिचा फोटो मोबाइलवरून दोन हजारांवर लोकांकडे गेला.

म्हणजे हलणाऱ्या बाळाचा प्रश्न सुटला. आई मात्र अजून पडद्याआडच आहे. हनुवटीखाली हात घेऊन बेडकासारखं बसलेलं बाळ तुम्ही पाहिलं असेल. जाणकार फोटोग्राफर ते दोन फोटो जोडून करतात. प्रत्येक फोटोत कुणीतरी बाळाचं डोकं किंवा मनगटं धरलेली असतात आणि ते हात नंतर फोटोशॉपमध्ये पुसतात. कापडाऐवजी सॉफ्टवेअर, एवढाच फरक! घरी ही पोज करायला जाऊ नका. तान्ह्या मानेला डोक्याचा भार पेलत नाही.

आता तयारी. पहिल्या दोन आठवड्यांत बाळ गाढ झोपतं आणि सहज मुटकुळं करतं, म्हणून फोटोग्राफर तेच दिवस मागतात. पण नेमकं त्याच दिवसांत बारसं येतं, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, शिवाय सिझेरियनचे टाके ओले असतात. आईला झेपत नसेल तर सरळ महिनाभर पुढे ढकला. बाळ जागं असलं तर डोळे उघडे येतील, बिघडलं काय?

वेळ सकाळची, तेल लावून आंघोळ झाल्यावरची. दूध पिऊन बाळ जे ढाराढूर झोपतं, त्यासारखा मुहूर्त नाही. (धुरी मात्र नको, तो धूर बाळाच्या छातीला वाईट.) पंखा, एसी बंद. ट्यूबलाइटही बंद, पलंग खिडकीशी सरकवा आणि पडद्यातून गाळून येणारा उजेड घ्या. टोपल्या-पिसं भाड्याने आणू नका, आजीने शिवलेलं जुन्या साडीचं दुपटं आहे ना घरात? तीट पुसू नका. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याला, तो फोटोग्राफर असला तरी, त्या दिवशी आत घेऊ नका.

आणि आईला फ्रेममध्ये बसवा. "अगं, माझे केस बघ, गाऊनवर आहे मी," असं ती म्हणेलच. तो गाऊन, ते विस्कटलेले केस येऊ द्या. दुपटं सारखं करणं, लंगोट धरणं ही कामं तेवढा वेळ बाबांनी करावीत.

दोन तास ठरले असतील तर त्यातला एक दूध पाजण्यात आणि कपडे बदलण्यात जाणार, हे फोटोग्राफरला फोनवरच सांगून ठेवा. त्यावर तो कुरकुरला तर दुसरा बघा.