पिंपळे सौदागरचा हिशेब

आज पिंपळे सौदागरला लोक फ्लॅटचा भाव विचारतात. शंभरेक वर्षांपूर्वी एका सरकारी माणसाने तिथं घरोघरी शेतीचा हिशेब विचारला होता. ती गोष्ट कृषी खात्यातल्या प्रत्येकाने आणि आपणही लक्षात ठेवावी अशी आहे.

१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं लाखोंनी मेली. त्यानंतरच्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये सांगितलं की प्रत्येक प्रांतात शेतीचं स्वतंत्र खातं हवं. संकट येण्याआधी गावाची खरी स्थिती सरकारला कळावी, हा त्यामागचा एक मोठा हेतू.

हे काम मनावर घेणारा एक माणूस म्हणजे हॅरॉल्ड मान. मूळचे रसायनशास्त्रज्ञ. १९०७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, पुढे मुंबई इलाख्याचे शेती संचालक. त्यांनी पिंपळे सौदागरची पाहणी केली. जमीन किती, कर्ज किती, वर्षाअखेर उरतं काय, सगळं विचारलं. १९१७ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. त्यात दिसलं की १७७१ मध्ये गावात सरासरी ४० एकरांची असलेली धारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. तीही तुकड्यातुकड्यांत. बहुतेक घरांचं नुसत्या शेतीवर भागत नव्हतं.

म्हणजे शेतकरी आळशी किंवा अडाणी म्हणून गरीब, हे हिशेबात बसेना. हे गाव शहराजवळचं म्हणून मान यांनी कानिटकरांना सोबत घेऊन जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू गावही तपासलं.

आता आजचं बघा. कृषी सहायकाचा दिवस पंचनामे, ऑनलाइन अर्ज, फोटो आणि बैठकांत जातो. २०२५ मध्ये पदाचं नाव 'सहायक कृषी अधिकारी' झालं, चांगलंच झालं. पण काम तेच राहिलं. यात त्या माणसाचा दोष नाही, वरून मागतातच तेवढं. पीक कापणी प्रयोगातून उतारा कळतो, पण त्या घरात शेवटी काय उरलं ते कळत नाही.

पुढच्या ग्रामसभेला साहेब आले की अनुदानाचं विचाराच. सोबत एवढंही विचारा: आपल्या गावात एकरी खर्च किती आणि हातात उरतं किती, याची नोंद कुठं आहे?