तुटक्या खडूचा इतिहास: गिरगाव, बोर्डी आणि पुणे

आजच्या एपिसोडचा हिरो तुमच्या घरातच सापडेल. भाचीच्या दप्तरात, सोफ्याच्या फटीत, नाहीतर जुन्या डब्याच्या तळाशी. क्रेयॉनचा तुटका तुकडा! भंगारवालाही तो घेत नाही. जून आला की नवी पेटी येते आणि हे तुकडे कचऱ्यात जातात. खरं तर ते वितळवून घरीच नवा खडू करता येतो. आणि लहान मुलांसोबत असं काही करण्यामागे महाराष्ट्रात बराच जुना विचार आहे.

आधी पेटीची गोष्ट. क्रेयॉन म्हणजे मेण आणि रंगद्रव्य. मेण बहुतेक वेळा पॅराफिन, म्हणजे खनिज तेलातून मिळणारं. १९०३ मध्ये अमेरिकेतल्या बिनी अँड स्मिथ कंपनीने आठ रंगांची क्रेयोला पेटी पाच सेंटला विकायला आणली आणि रंग मुलांना परवडायला लागले. आपल्याकडे १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी गिरगावात शाईची पूड आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली. तीच पुढची कॅम्लिन. चित्रकलेचं साहित्य मात्र साठच्या दशकात, सुभाष दांडेकरांच्या पुढाकाराने आलं.

पण ज्यांना पेटी परवडतच नाही, त्यांचं काय? हा प्रश्न ताराबाई मोडकांना पडला. माँटेसरीचं शिक्षण त्यांना पटलं होतं, पण त्याची साधनं महाग. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, आजच्या पालघर जिल्ह्यात. सोबत अनुताई वाघ. तिथे शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच शिकायची साधनं झाली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. जे आजूबाजूला आहे, त्यातूनच मूल शिकू शकतं, हे त्यांनी करून दाखवलं.

हाच धागा पुण्यात सापडतो. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. टेल्कोत नोकरी केली, मग खेळण्यांकडे वळले. २००३ पासून २०१४ पर्यंत ते पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. आगकाड्या, स्ट्रॉ, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या यांतून त्यांनी विज्ञानाची खेळणी केली आणि ती कशी करायची हे सगळ्यांना फुकट दिलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपला तुकडा. तो पुन्हा वापरता येतो, कारण मेण वितळणं हा भौतिक बदल आहे. आमच्या भाषेत, इथे ‘अनडू’ चालतं. उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही, मेण मात्र थंड झालं की पुन्हा मेणच.

कृती सोपी आहे. कागद सोलायचा, रंगांचे गट करायचे, तुकडे बारीक करायचे. हे काम मुलांचं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं जुनं भांडं ठेवून मेण वितळवायचं. हे काम मोठ्यांचं, आणि मुलं गॅसपासून लांब. मेण थेट आचेवर ठेवू नका, पेट घेऊ शकतं. वितळलेलं मेण सिलिकॉनच्या साच्यात ओता. ते भांडं आणि साचा परत खाण्यासाठी वापरायचा नाही, आणि उरलेलं मेण सिंकमध्ये ओतायचं नाही. सगळे रंग एकत्र केलेत तर हाती चिखलाचा रंग येईल, म्हणून निळ्यासोबत हिरवा, लालसोबत केशरी. आणि हो, प्लास्टिक क्रेयॉन यात नीट वितळत नाहीत, ते बाजूला काढा.

यातून पैसे फार वाचत नाहीत, हे खरंय. पण रंग फक्त दुकानातून येतो असं वाटणारं मूल आणि रंग आपण घडवू शकतो हे माहीत असलेलं मूल, या दोघांत फरक आहे. ताराबाईंचं सगळं काम त्या फरकासाठीच होतं. शाळेच्या नव्या याद्या यायच्या आत जुना डबा एकदा उघडून बघा, आणि केलेल्या खडूंचे फोटो पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!