उपेक्षेने झालेला वध

मरणाच्या दारी उभ्या असलेल्या माणसाला जो वाचवीत नाही, तो त्याचा घातक ठरतो काय? आणि मरणारा दुष्ट असेल, तर या प्रश्नाचे उत्तर बदलते काय? आजच्या चित्रकथांत व चित्रपटांत अतिमानवी सामर्थ्याच्या नायकांनी हा प्रश्न पुन्हा लोकांपुढे आणला आहे. अशा नायकाने कोणाचा जीव घेऊ नये असा संकेत असतो. तथापि खलनायक जिवंत राहून कथा संपत नाही. मग नायक त्याला मारीत नाही, केवळ वाचवीत नाही. २००५ सालच्या ‘बॅटमॅन बिगिन्स’ या चित्रपटात कोसळू पाहणाऱ्या आगगाडीत प्रतिपक्ष्याला सोडून नायक निघून जातो, आणि आपला हात निष्कलंक राहिला असे मानतो. ही पळवाट आधुनिक वाटत असली, तरी तिची छाननी काशीच्या धर्मशास्त्रपरंपरेत फार पूर्वी झाली होती. आणि त्या परंपरेत वाढलेल्या एका मराठी न्यायाधीशाला तिचा निकाल प्रत्यक्ष सत्ताधीशापुढे उच्चारावा लागला होता.

काशी आणि महाराष्ट्र यांचा हा संबंध केवळ यात्रेचा नव्हे. पैठणहून काशीस गेलेल्या रामेश्वर भट्टांच्या घराण्याने पुढील दीड शतकात धर्मनिर्णयाच्या क्षेत्रात अग्रस्थान मिळविले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट यांचा जन्म १५१३ चा. नारायण भट्टांचे नातू कमलाकर यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला. दुसरे नातू नीळकंठ यांनी ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. नीळकंठांच्या बारा मयूखांत ‘व्यवहारमयूख’ आणि ‘प्रायश्चित्तमयूख’ असे दोन स्वतंत्र भाग आहेत, ही गोष्ट प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. राजाने द्यावयाचा दंड आणि कर्त्याने स्वतः घ्यावयाचे प्रायश्चित्त ही दोन निराळी खाती या परंपरेने मानली. एकाच्या बेरजेने दुसऱ्याची बाकी फिटत नसे.

या परंपरेचा एक प्रमुख आधार म्हणजे विज्ञानेश्वरांची ‘मिताक्षरा’. याज्ञवल्क्यस्मृतीवरील या टीकेत घातकाचा विचार शस्त्र धरणाऱ्या हातापाशी थांबत नाही. प्रत्यक्ष कर्त्याबरोबर प्रयोजक, अनुमंता, अनुग्राहक आणि निमित्ती असे आणखी चार सांगितले आहेत. आज्ञा, विनंती किंवा उपदेश करून दुसऱ्यास प्रवृत्त करणारा तो प्रयोजक; प्रवृत्त झालेल्यास संमती देणारा तो अनुमंता; पळणाऱ्याची वाट अडविणारा अथवा मारणाऱ्याचे इतरांपासून रक्षण करणारा तो अनुग्राहक; आणि ज्याच्या छळामुळे पीडित माणूस स्वतःचा जीव देतो तो निमित्ती. या सर्वांचा दोष सारखा नाही. परंतु सर्वांना दोष आहे.

कात्यायन याही पुढे जातात. त्यांची स्मृती समग्र उपलब्ध नसून तिची वचने निबंधग्रंथांत विखुरलेली होती, म. म. पांडुरंग वामन काणे यांनी १९३३ मध्ये ती एकत्र संपादित केली. साहसाच्या, म्हणजे बळाने केलेल्या अपराधाच्या, साहाय्यकांची गणना करताना कात्यायन वाट दाखविणारा, आश्रय देणारा, शस्त्र व अन्न पुरविणारा यांच्या पंक्तीस आणखी एकाला बसवितात: जो निवारण करण्यास समर्थ असूनही निवारण करीत नाही, त्याला. या व्यवस्थेचे सारे मर्म ‘समर्थ असूनही’ या अटीत आहे. दुबळ्या साक्षीदारावर ती भार टाकीत नाही. परंतु सामर्थ्य जसजसे वाढते तसतशी उपेक्षेची सबब आकुंचित होत जाते. आणि अतिमानवी नायकाची व्याख्या सामर्थ्यावरच उभी आहे! ज्याला पडती आगगाडी सावरता येते, त्याने ‘मी केवळ वाचविले नाही’ असे म्हणणे हे इतर कोणाहीपेक्षा त्याला कमी शोभते.

या विचाराची कसोटी ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात लागली. अठरा वर्षांचे पेशवे नारायणराव यांच्यावर सुमेरसिंग आदी गारदी चालून आले. पेशवे धावत जाऊन चुलते रघुनाथराव यांना बिलगले. ग्रँट डफ यांनी १८२६ च्या आपल्या इतिहासात दिलेल्या वृत्तांतानुसार रघुनाथरावांनी त्या क्षणी पुतण्यासाठी रदबदली केली. परंतु सुमेरसिंगाने त्यांनाही मरणाची धमकी दिली, तेव्हा त्यांनी स्वतःला सोडवून घेतले. नारायणराव मारले गेले. पुढील चौकशीत रघुनाथरावांचे म्हणणे असे पडले की, आपण पुतण्याला धरण्याचा हुकूम दिला होता, मारण्याचा नव्हे. ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची आणि त्याचे खापर आनंदीबाईंवर फोडणारी कथा याच म्हणण्याभोवती वाढली. एका अक्षरावर साऱ्या अपराधाचा भार टाकणारी ही कथा मराठी मनाला इतकी पटली की, तिच्या पुराव्याची विचारपूस फारशी कोणी केली नाही.

चौकशी करणारे रामशास्त्री प्रभुणे यांचे अध्ययन काशीस झाले होते. रघुनाथरावांची बाजू तंतोतंत खरी धरली, तरी शास्त्रदृष्ट्या काय उरते? अखेरच्या क्षणी ते खरोखर असमर्थ होते, असे मानता येईल. उगारलेल्या तलवारींपुढे कात्यायनांची अट त्यांच्या बाजूने बोलेल. पण ती असमर्थता आली कोठून? सशस्त्र गारद्यांना वाड्यात पेशव्यावर सोडण्याची आज्ञा त्यांचीच. जो आग लावतो, त्याला ज्वाळा आवाक्याबाहेर गेल्याची सबब सांगता येत नाही. म्हणून समर्थ होता की नव्हता हा प्रश्न केवळ शेवटच्या घटकेला विचारून भागत नाही. तो घटनांच्या संपूर्ण साखळीला विचारावा लागतो. त्या साखळीच्या आरंभी रघुनाथराव उपेक्षक नव्हेत, प्रयोजक ठरतात. नेमका हाच न्याय उपर्युक्त चित्रपटालाही लागू पडतो: तेथे गाडीचा मार्ग उद्ध्वस्त करण्याची योजना नायकाचीच असते. संकट रचणाऱ्याला तटस्थाची भूमिका घेता येत नाही.

रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि रघुनाथरावांच्या कारकिर्दीत राहण्याचे नाकारून पुणे सोडले. त्यांनी दंडाची नव्हे, प्रायश्चित्ताची भाषा वापरली, हे लक्षणीय आहे. नारायणरावांनंतर रघुनाथरावच पेशवे झाले होते. त्यांना दंड करणारा हात त्या वेळी कोणाचा? जेथे दंडाची सत्ता संपते, तेथे प्रायश्चित्ताचे शास्त्र सुरू होते. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त (१९०९) या प्रसंगाला जे नाट्य लाभले, त्याचे मूळही येथेच आहे. शस्त्रहीन न्यायाधीश सशस्त्र सत्ताधीशाला त्याच्या स्वतःच्या विवेकापुढे आरोपी म्हणून उभा करतो.

अर्वाचीन कायद्याने ही कक्षा आवळली. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा सादर करताना कैद्याला उपाशी मारणारा तुरुंगाधिकारी आणि भिकाऱ्याला अन्न नाकारणारा धनिक यांत भेद केला: पहिल्याचे कर्तव्य कायद्याने बांधलेले, दुसऱ्याचे केवळ नीतीने. १८६० च्या भारतीय दंड संहितेने बेकायदेशीर अकृतीलाच कृतीचा दर्जा दिला. २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेतही ते तत्त्व टिकून आहे. कायद्याच्या दृष्टीने हा संयम योग्यच. प्रत्येक उपेक्षकाला तुरुंगात घालणारे राज्य सुसह्य होणार नाही. पण कायदा जेथे थांबतो तेथे दोषही संपतो, असा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

उरला दुष्टाच्या दुष्टपणाचा प्रश्न. धर्मशास्त्राने आततायीच्या प्रतिकारास स्पष्ट मुभा दिली आहे. चालून येणाऱ्याला आवरताना तो मेला, तर विज्ञानेश्वर स्वरक्षकाला राजदंडातून सोडवितात. परंतु ही मुभा हल्ल्याला चिकटलेली आहे, माणसाला नव्हे. हल्ला निवला की आततायी पुन्हा केवळ मनुष्य होतो. यास्तव नायकापुढे दोनच प्रामाणिक मार्ग राहतात. वध अपरिहार्य असेल तर तो आपल्या नावावर घ्यावा. नसेल तर शत्रूलाही हात द्यावा. काशीसमोरच्या रामनगरात दरवर्षी होणारी रामलीला पहिल्या मार्गाची साक्ष देते. तेथे अंगदाच्या शिष्टाईने रावणाला संधी मिळते, ती त्याने नाकारल्यावर युद्ध होते, आणि वध रामाच्या बाणानेच होतो. रावण आपोआप मेला, असे कोणी सांगत नाही.

उपेक्षेचा तिसरा मार्ग सोयीचा खरा. त्यात फळ पदरी पडते आणि हात कोरडे राहतात. परंतु ज्याला दंड करणारे कोणी नाही, त्यानेच आपला हिशेब सर्वांत काटेकोर ठेवावा लागतो. अतिमानव नायकही रघुनाथरावांप्रमाणे दंडाच्या पलीकडे उभा असतो. त्याच्यापुढे न्यायासन नसते. त्याला विचारण्याजोगा प्रश्न रामशास्त्र्यांनी विचारून ठेवला आहे, आणि त्याचे उत्तर देण्यास त्याच्या साऱ्या सामर्थ्याचा काहीच उपयोग नाही.