कुंड्यांसाठी घरगुती ठिबक सिंचन

मे महिन्यात आठ दिवस गावी जायचे ठरले की गच्चीवर किंवा गॅलरीत झाडे लावणाऱ्यांना कुंड्यांची चिंता लागते. शेजाऱ्यांना किती वेळा सांगणार? अशा वेळी घरगुती ठिबक उपयोगी पडते.

अनेक जण शेतीच्या दुकानातून ड्रिपर आणून बादलीला जोडतात आणि फसतात. ते ड्रिपर साधारण १ बार दाबासाठी बनवलेले असतात. पाण्याची उंची १ मीटरने वाढली तर दाब वाढतो जेमतेम ०.१ बार. म्हणजे स्टुलावर ठेवलेल्या बादलीकडून अपेक्षित पाणी मिळत नाही. थोड्या उंचीवर चालणारे आणि थेंब मोजता येणारे साधन म्हणजे सलाइनचा सेट. तो मेडिकलच्या दुकानातून नवाच घ्यावा, रुग्णालयातला वापरलेला नको. सोबतची सुई काढून टाका.

झाकणाच्या २० लिटरच्या बादलीच्या तळाला गरम खिळ्याने छिद्र पाडा. ते सेटच्या टोकापेक्षा किंचित लहान असावे. टोक आत दाबून कडेने एम-सील लावा. टोक आतून बोटभर वर राहिले, तर गाळ तळाशी बसतो आणि नळी तुंबत नाही. तळ मोकळा राहील अशा लोखंडी स्टँडवर बादली ठेवा. कठड्यावर मुळीच नको, भरलेल्या बादलीचे वजन २० किलोच्या वर जाते. झाकणाला बारीक छिद्र हवेच. हवा आत गेली नाही, तर पाणी थांबते. छिद्रावर मच्छरदाणीचा तुकडा चिकटवा, नाहीतर डास अंडी घालतील. बादली पारदर्शक असेल तर काळ्या कापडाने गुंडाळा, म्हणजे शेवाळ धरणार नाही.

आता हिशेब. १ मिलिलिटरला किती थेंब, हे पाकिटावर छापलेले असते. साध्या सेटवर बहुधा २०. चाक फिरवून मिनिटाला १० थेंब ठेवले, तर तासाला ३० मिलिलिटर, दिवसाला ७२० मिलिलिटर पाणी पडते. पाच कुंड्यांना रोज ३.६ लिटर लागेल आणि बादली साडेपाच दिवसांत संपेल. आठ दिवस जायचे असेल, तर एका बादलीवर तीनच कुंड्या ठेवा.

हा हिशेब कागदावरचा आहे. पातळी उतरते तसा दाब घटतो आणि थेंब मंदावतात. चाकही थोडे सरकते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी सगळे जोडून रोज थेंब मोजा. नळीचे टोक खोडाला चिकटवू नका, चार बोटे दूर ठेवा आणि मातीवर वाळलेला पाला पसरा. टोमॅटो-मिरचीला जास्त थेंब, तुळशीला कमी. कोरफड आणि निवडुंग यांना आठ दिवस पाणी नसले तरी चालते, त्यांच्यासाठी सेट वाया घालवू नका.