भाजल्यावर आधी पाणी



उन्हाळ्यात आमच्या बचत गटात कुरडयांचं काम चालतं. मागच्या वर्षी चीक शिजवताना एका ताईंच्या हातावर तो उडाला. चीक कातडीला चिकटून बसतो आणि आत भाजत राहतो. चौघींनी चार उपाय सांगितले: टूथपेस्ट, हळद, तूप, शाई. नळाकडे मात्र कुणीच पळालं नाही. ताईंचा हात बरा व्हायला महिना लागला. तेव्हापासून वाटत होतं, भाजण्याबद्दल माणसाला काय काय कळत गेलं ते एकदा तुम्हाला सांगावं.

सुरुवात आपल्याच देशातून करू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत. नुसता रंग बदलला तर प्लुष्ट. फोड आले, आग झाली तर दुर्दग्ध. त्यापुढचं सम्यग्दग्ध. आणि मांस लोंबू लागलं, शिरा-सांधे बिघडले तर अतिदग्ध. अतिदग्धात ताप, तहान आणि मूर्च्छा येते, असंही तिथे लिहिलं आहे. किती बारीक निरीक्षण! पण त्याच ग्रंथात किरकोळ भाजल्यावर गार पाणी नको, शेक द्या, असंही म्हटलं आहे. लक्षणं अचूक टिपली, पण तो उपाय पुढे टिकला नाही. जुनं आहे म्हणून सगळंच घ्यायचं नाही आणि सगळंच टाकायचंही नाही.

युरोपात १६०७ साली विल्हेल्म फाब्री या जर्मन शस्त्रवैद्यानं भाजण्यावर पुस्तक लिहिलं आणि जखमेचे तीन प्रकार पाडले. आजही डॉक्टर जखम किती खोल आहे ते आधी बघतात. वरवरची जखम लाल होते आणि दुखते. त्याहून खोल असेल तर फोड येतात. सगळ्यात खोल जखम पांढरी, तपकिरी किंवा काळी दिसते, चामड्यासारखी कडक होते आणि फारशी दुखत नाही, कारण तिथल्या संवेदना नेणाऱ्या नसाच जळालेल्या असतात. म्हणून "दुखत नाही ना, मग काही नाही" हे वाक्य फार धोक्याचं आहे.

गार पाण्याचा आग्रह १७९९ मध्ये लंडनच्या जेम्स अर्ल या शल्यचिकित्सकानं धरला. ते बर्फही वापरत. पुढे विसाव्या शतकात प्रयोगांनी पाण्याचा फायदा पक्का झाला, बर्फ मात्र मागे पडला, कारण त्यानं कातडीला आणखी इजा होते. वस्तू बाजूला झाली तरी कातडीत उष्णता राहते आणि खोल जात राहते. वाहतं पाणी ती बाहेर काढतं. टूथपेस्ट किंवा तूप लावलं तर ती आत कोंडते, शिवाय डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही.

आता सुश्रुतातली ती तहान आठवा. तिचं कारण कळायला १९२१ साल उजाडलं. अमेरिकेत न्यू हेवन इथे एका थिएटरला आग लागली. तिथल्या जखमींच्या फोडांतलं पाणी फ्रँक अंडरहिल यांनी तपासलं. ते रक्तातल्या द्रवासारखंच निघालं! म्हणजे मोठं भाजलं की शरीरातलं पाणी झिरपून जातं आणि माणूस त्यानं दगावू शकतो. म्हणूनच अशा वेळी सलाईन तातडीनं लागतं. किती भाजलं हे मोजायला वॉलेस यांनी १९५१ साली 'नऊचा नियम' प्रसिद्ध केला: मोठ्या माणसाचं डोकं आणि मान मिळून नऊ टक्के, एक हात नऊ, एक पाय अठरा, अशी मांडणी. घरी मोजायचं तर भाजलेल्या माणसाचा बोटांसकट तळवा म्हणजे सुमारे एक टक्का.

आपल्या मुंबईचाही यात वाटा आहे. सायन रुग्णालयात केळीच्या पानाची पट्टी जखमेवर वापरून अभ्यास झाला आणि २००० साली तिथे त्वचापेढी सुरू झाली. मरणोत्तर दान केलेली त्वचा तिथे जपली जाते. ती भाजलेल्यांच्या जखमा झाकायला वापरतात. केळीचं पान मात्र दवाखान्यात निर्जंतुक करून वापरलेलं असतं, परसातलं तोडून लावायचं नाही.

मग आपण काय करायचं? कपडे पेटले तर धावू नका. थांबा, खाली पडा, लोळा. भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. भाजून तीन तास होईपर्यंत याचा उपयोग होतो. बांगड्या, अंगठ्या, जोडवी सूज यायच्या आत काढा. चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापडानं सैल झाका. लहान बाळाचा भाजलेला भागच गार करा, बाकी अंग उबदार ठेवा.

जखम तळव्याहून मोठी असेल, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांगावर असेल, पांढरी वा काळी दिसत असेल, विजेनं किंवा ॲसिडनं भाजलं असेल, धूर छातीत गेला असेल, किंवा माणूस बाळ, वृद्ध वा गरोदर असेल, तर दवाखाना गाठा. मोठं भाजलं असेल, श्वास लागत असेल तर लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी चालू ठेवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

एक शेवटचं. घरातलं कुणी "बाहेर कळायला नको" म्हणून भाजलेल्या बाईला घरीच ठेवत असेल, तर ऐकू नका. तिचा जीव लोकलाजेपेक्षा मोठा आहे. यंदा आमच्या कुरडयांच्या जागी चुलीशेजारी पाण्याची भरलेली बादली असते. तुमच्याकडेही ठेवा.