कबुतराचे पिल्लू : दाण्यावर येणे

पाळीव कबुतराचे (कोलंबा लिव्हिया) पिल्लू आईबापांकडून भरवून घेण्याचे सोडून स्वतः दाणे टिपू लागते, तो काळ. वय साधारणपणे २५ ते ३५ दिवस. जात, ऋतू व जोडी यांनुसार मागेपुढे होते.

आधीचा आहार : अंडे १७-१८ दिवस उबवल्यावर निघालेले पिल्लू आंधळे असते. नर व मादी दोघेही त्याला अन्नपुटाच्या (गळ्याखालील दाणे साठवण्याच्या पिशवीच्या) अस्तरापासून सुटणारा, पनीरच्या चुऱ्यासारखा पदार्थ भरवतात. हे कपोतदुग्ध होय. त्यात प्रथिने व मेद भरपूर, पिष्टमय पदार्थ जवळजवळ नाहीत. जॉन हंटर यांनी त्याचे वर्णन १७८६ मध्ये केले. ते स्रवविणाऱ्या पीयूषिका ग्रंथीतील संप्रेरकाला ऑस्कर रिडल व सहकाऱ्यांनी १९३० नंतरच्या दशकात प्रोलॅक्टिन हे नाव दिले. पुढे बराच काळ प्रयोगशाळांत या संप्रेरकाची मात्रा कबुतराच्या अन्नपुटाच्या वाढीवरूनच मोजत असत. चारपाच दिवसांनंतर दुधात भिजलेले दाणे मिसळू लागतात व दुसऱ्या आठवड्यात दाण्यांचेच प्रमाण जास्त होते.

या सर्व काळात पिल्लू आपली चोच आईबापाच्या घशात खुपसून अन्न घेते. चोचीच्या टोकाने दाणा पकडून मागे सरकवण्याचा सराव त्याला मुळीच नसतो. दाण्यांच्या ढिगात बसून भुकेले पिल्लू चिरकत राहते ते यामुळे. त्याला मंद समजणे चूक आहे.

ढाबळीतील पद्धत : मादी पुढच्या अंड्यांवर बसली की भरवण्याचे काम मुख्यतः नराकडे जाते. म्हणून जाणते कबुतरबाज पिल्ले वेगळी काढताना काही दिवस नर त्यांच्यासोबत ठेवतात, किंवा आधीच दाणे खाणारे एखादे पिल्लू सोबत सोडतात. सुरुवातीला ज्वारी, बाजरी, गहू, मसूर. मका व वाटाणे मागाहून. दाणे पसरट भांड्यात द्यावेत. पाणी दाण्यांइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे. कबूतर मान वर न करता चोच बुडवून पाणी ओढून घेते, त्यामुळे उथळ थाळी पुरत नाही. पिल्लाची चोच एकदोनदा पाण्यात बुडवून दाखवतात, नाकपुड्या मात्र बुडू देत नाहीत. सायंकाळी अन्नपुट चाचपून ते भरले आहे का हे पाहतात. शिकावे म्हणून उपाशी ठेवण्याची चालही आढळते. तिच्याविषयी एकमत नाही.

अनुकरण : बोरिस पालामेटा व लुई लफेव्र यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दाण्यांचे खोके कागदाने झाकले होते. दुसरे कबूतर कागद फोडून दाणे खाताना ज्यांनी पाहिले, ती कबुतरे ही युक्ती सर्वांत लवकर शिकली. नुसते फोडणे पाहून काम भागले नाही. प्रयोग पिल्लांवरचा नसला, तरी खाणारा सोबती ठेवण्याच्या चालीला त्याने आधार मिळतो.

रोग : आईबापांच्या घशातील ट्रायकोमोनास गॅलिनी हा परजीवी भरवतानाच पिल्लाकडे येतो, घशात पिवळट थर दिसतो व गिळता येत नाही.



संदेशवाहक कबुतरे : ढाबळ बदलायची असल्यास ती याच वयात, पिल्लू मोकळे उडण्यापूर्वी बदलतात. एकदा बाहेर उडालेले कबूतर बहुधा जुन्याच ढाबळीकडे परतते.